बांध कुणी कोरला?

सांगलीहून फोन आला तो मार्चअखेरीला, सकाळी पावणेदहाला. सातारकर असता तर "बंद पडलंय" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला असता. काय बंद पडलंय, कुठं, कधी, हे आपण उलटा फोन करून विचारायचं. सांगलीच्या माणसाची रीत निराळी. त्यानं आधी माझी तब्येत विचारली, मग साताऱ्यातला उकाडा विचारला, मग हळदीचा दर सांगितला आणि निरोप घेता घेता म्हणाला, "बाकी काय न्हाई वो सायेब, मशीनचा चेक फेटाळलाय."

पतसंस्थेतला फोन. मला वाटलं, कुणाच्या तरी खात्यावर पैसे नसतील. त्याला मी काय करणार? मी हार्डवेअरवाला माणूस. दोन जिल्ह्यांतल्या पतसंस्था, दूधसंघ, शाळा यांच्या सर्व्हरांना औषधपाणी करत बावीस वर्षं हिंडतोय. तेवढ्यात त्यानं मोबाईलवर पडद्याचा फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची दाटी आणि तळाला तीन शब्द: फेटल मशीन चेक.

कारकुनानं भाषांतर तसं वाईट केलं नव्हतं. फेटल म्हणजे प्राणघातक, आणि मशीन चेक म्हणजे प्रोसेसरनं स्वतःचीच केलेली तपासणी. इंटेलच्या प्रोसेसरांत पेंटियमपासून ही सोय आहे. आपल्या आत काहीतरी असं बिघडलंय की यापुढच्या बेरजेची हमी देता येणार नाही, हे लक्षात आलं की प्रोसेसर जागच्या जागी काम थांबवतो. चुकीचा ताळेबंद मांडण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याचं तत्त्व. त्या इमारतीत मार्चअखेरीला हे तत्त्व पाळणारा तो एकटाच असावा. संस्थेचं नाव मी सांगत नाही. सांगलीत पतसंस्था इतक्या आहेत की तुम्ही ओळखणारही नाही.

मेमरीच्या दोन पट्ट्या, पेचकस आणि खोडरबर पिशवीत टाकून निघालो. कराड, पेठ नाका, तिथून डावीकडे सांगलीचा रस्ता. मेमरीची पट्टी स्थिर विजेनं मरते, म्हणून तिला चंदेरी पिशवीत घालून मांडीवर घ्यावं लागतं. पेठ नाक्यापुढे ती स्थिर विजेनं मरेल की धक्क्यांनी, असा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं आहे.

पोचेपर्यंत निदान झालेलं होतं. एक नव्हे, सहा.

चेअरमन आण्णांच्या मते लाईटचा दोष. काल रात्री व्होल्टेज कमीजास्त होत होतं, त्यांच्या घरचा पंखासुद्धा गुरगुरत होता. व्हाईस चेअरमन तात्यांच्या मते हे 2019 च्या पुराचं पाणी अजून मुरतंय. सर्व्हर 2021 साली घेतलाय, हे मी सांगितलं. "मग 2021 चा पूर," तात्या म्हणाले. सांगलीत पुराला तोटा नाही. पाटणकडचे एक जुने संचालक होते, त्यांना भूकंपाचा संशय. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं तेव्हा ते पाळण्यात होते, आणि तेव्हापासून घरात कप फुटला तरी ते कोयनेकडेच बोट दाखवतात. कारकुनाला व्हायरस वाटत होता. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीनं फोनवरच सांगितलं होतं की आमच्या बाजूनं सगळं ओके आहे. आणि शिपाईमामांनी मला जिन्यातच गाठून हळूच सांगितलं, "दसऱ्याला समद्या मशीनींस्नी नारळ फोडला, ह्यालाच न्हाई फोडला. आत पाणी जाईल म्हून तुमीच नको म्हणला हुतासा." म्हणजे सहावं निदान थेट माझ्यावर होतं.

सर्व्हरला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

हे मला नेहमी नवल वाटतं. माणूस आजारी पडला तर वैद्याला अंदाज बांधावा लागतो, कारण माणूस खोटं बोलतो. सर्व्हर बोलत नाही, पण मरताना सगळं लिहून ठेवतो. त्याच्या मुख्य पाटावर एक छोटा वेगळा संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. मुंबई महापालिकेशी त्याचा संबंध नाही. सर्व्हर झोपलेला असो की मेलेला, भिंतीतून वीज येते तोवर हा जागा असतो. उष्णता, पंखे, व्होल्टेज यांच्यावर नजर ठेवतो आणि एका वहीत नोंदी करतो. या पहारेकऱ्यानं कुठल्या भाषेत बोलायचं याचा ठराव, म्हणजे आयपीएमआय, 1998 सालचा आहे. तेव्हापासून त्यानं केलेल्या नोंदी वाचणारी माणसं मला आमच्या दोन जिल्ह्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

आता फर्मवेअरविषयी बोलायला हवं, कारण सगळं भांडण तिथंच आहे.

आमच्या भागात भावाभावांत डोकी फुटतात ती बांधावरून. थोरल्याचं वावर इकडं, धाकट्याचं तिकडं, मध्ये बांध. दरसाल नांगरताना जो तो एक तास बांधात घालतो, बांध बारीक होत जातो आणि एक दिवस कुऱ्हाड निघते. संगणकात थोरला भाऊ हार्डवेअर, हाताला लागणारा, जड, अबोल. धाकटा सॉफ्टवेअर, पुण्याला राहणारा, इंग्रजी बोलणारा. आणि मधला बांध म्हणजे फर्मवेअर. ते एका चिपमध्ये लिहिलेलं असतं, मोबाईलमधल्या चारपाच फोटोंएवढ्या जागेत. बटण दाबलं की सर्वांत आधी ते उठतं, मेमरी मोजतं, डिस्कांना हाका मारतं, पंखे फिरवून बघतं आणि घर झाडून झालं की धाकट्याला आत बोलावतं. त्याला हार्डवेअर म्हणावं तर ते लिहिलेलं आहे, सॉफ्टवेअर म्हणावं तर चिपमध्ये घट्ट बसलेलं आहे. सातबारा कुणाच्याच नावावर नाही. त्यामुळे बिघाड झाला की दोघंही भाऊ बांधाकडे बोट दाखवतात आणि बांधाला तोंड नसतं.

तोंड नसतं म्हणणंही खरं नाही. जुन्या मशीनींना शिट्टी होती. 1981 च्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत चालत आली: सगळं ठीक असेल तर एक लहान शिट्टी, नसेल तर लहान-मोठ्या शिट्ट्यांची ठरलेली घराणी. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये, म्हणजे तेव्हाच्या फर्मवेअरमध्ये, एक मोठी दोन लहान म्हणजे पडद्याचं कार्ड गेलं. एएमआयचं घराणं वेगळं, त्यात तीन लहान म्हणजे मेमरी. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्या एका कारागिरांकडे मी एकदा असला जुना पीसी दुरुस्त करत होतो. मी शिट्ट्या मोजत बसलो होतो. ते तंबोऱ्याची जवारी काढता काढता मान न उचलता म्हणाले, "पांढरी सहा. पण जरा चढी लागलीय." घरी येऊन मी हिशेब केला. त्या जुन्या पीसीची शिट्टी 896 हर्ट्झची, आणि पांढरी सहा 880 ची. बिघाड मला त्यांच्या आधी सापडला, पण एवढं बारीक निदान मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. आताच्या सर्व्हरवर शिट्टी जाऊन दिवे आणि आकडे आले. प्रगती म्हणायची.

या सर्व्हरवरही दिवा होता. बिघाडाची चाहूल लागली की पुढच्या बाजूला नारिंगी लुकलुकतो. तो मला कुठे दिसेना. शेवटी सापडला, नेमक्या त्याच्यावर कुणीतरी स्वस्तिकाचा स्टिकर चिकटवला होता.

"डोळ्याला लई तरास द्यायचा वो," मामा म्हणाले.

किती दिवस लुकलुकत होता? "दिवाळीपास्नं आसंल."

झाकण उघडलं. आत पंख्यांवर पिवळीधमक पूड. संस्था हळदीच्या बाजाराला लागून, त्यामुळे सांगलीच्या भौगोलिक मानांकनप्राप्त हळदीचा एक बारीक थर सर्व्हरलाही लागलेला. नवरदेवासारखा दिसत होता. फुंकणीनं हळद उतरवली, लॅपटॉपची केबल लावली आणि बीएमसीची वही उघडली.

पानंच्या पानं भरलेली. ए 2 या खाचेतली मेमरी, दुरुस्त झालेली चूक. ए 2, दुरुस्त झालेली चूक. ए 2, ए 2, ए 2. पुढे एक ओळ अशी की दुरुस्त होणाऱ्या चुका नोंदवण्याची मर्यादा संपली. म्हणजे लिहून लिहून पहारेकरी दमला आणि आता यापुढे लिहीत नाही असंही त्यानं लिहून ठेवलं. त्याखाली, सर्वांत शेवटी, एकच ओळ: ए 2, दुरुस्त न होणारी चूक.

आण्णांना हे समजावून सांगायचं होतं. त्यांचा ऊस आहे, म्हणून तोच रस्ता धरला. सर्व्हरच्या मेमरीत 64 बिटांची टोळी असते आणि तिच्यावर 8 बिटांचे मुकादम. टोळीतला एक कोयता चुकला तर कोण चुकला हे मुकादम नेमकं ओळखतात, त्याची चूक तिथल्या तिथे सुधारतात, गाडी कारखान्यावर वेळेत जाते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. एकाच वेळी दोन चुकले तर मात्र काहीतरी बिनसलंय एवढंच कळतं, कोण ते कळत नाही. मग मुकादम तोड बंद करतात.

"आनि उचल घिऊन पळतात," आण्णा म्हणाले. त्यांना पटलं.

या हिशेबाचा जनक रिचर्ड हॅमिंग. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याला शनिवार-रविवारीच यंत्र वापरायला मिळायचं. त्या यंत्राला चूक पकडता यायची, पण पकडल्यावर ते हातातलं काम टाकून देऊन पुढचं काम घ्यायचं. सोमवारी हॅमिंग येऊन बघतो तर त्याचं काम तसंच पडलेलं. आपल्याकडे अशा यंत्राला बढती मिळाली असती. हॅमिंग चिडला आणि चूक पकडणाऱ्यानंच ती सुधारावी अशी युक्ती त्यानं शोधून 1950 साली छापली.

बिट मुळात चुकतो कशानं? झीज, उष्णता, सैल बसलेली पट्टी, धूळ. आणि कधी कधी आकाशातून आलेले वैश्विक किरण. ही माझी थाप नाही. बेल्जियममध्ये 2003 च्या निवडणुकीत स्कारबेक नावाच्या गावी एका उमेदवाराला मतदानयंत्रानं 4096 मतं जास्त दिली. 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात, तेव्हा एकच बिट उलटला असणार, आणि तपासणाऱ्यांचा संशय वैश्विक किरणांवर गेला. चूक सापडली कशी, तर मिळणं शक्य होतं त्यापेक्षा मतं जास्त निघाली म्हणून. ही गोष्ट सांगितल्यावर संचालक मंडळ बराच वेळ गप्प बसलं. साखर कारखान्याच्या निवडणुकांत मुरलेली माणसं. शेवटी तात्या म्हणाले, "आपल्याकडं ह्याला किरण म्हनत न्हाईत."

तेवढ्यात पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला. मशीन मी नुकतंच पुन्हा चालू केलं होतं आणि त्यानं तिकडून लिनक्सची नोंदवही वाचली होती. आवाजात आनंद मावत नव्हता. "सर, वाचतो. हार्डवेअर एरर. धिस इज नॉट अ सॉफ्टवेअर प्रॉब्लेम."

हे वाक्य खरोखरीचं आहे. लिनक्सवर एमसीईलॉग नावाची एक आज्ञावली असते, ती अशा वेळी अक्षरशः हेच छापते, नॉट या शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या घालून, आणि पुढे हार्डवेअर विकणाऱ्याला भेटा असा सल्लाही देते. मला त्यातली मेख नेहमी आवडते. धाकट्यानं स्वतःच पंचनामा लिहिला आहे, खाली सहीही त्याचीच आहे, आणि पहिलंच वाक्य असं की बांध मी कोरलेला नाही.

या वेळी त्याचं म्हणणं खरं होतं, हे मला पटलं. पण तसं लगेच कबूल करणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी त्याला म्हणालो, फर्मवेअर बघायला पाहिजे.

आणि ते नुसतं टोलवणं नव्हतं. बऱ्याच सर्व्हरांत "फर्मवेअर फर्स्ट" नावाची व्यवस्था असते. चूक झाली की ती आधी फर्मवेअरच्या कानावर जाते, ते तिची चौकशी करतं आणि वर काय, किती, कोणत्या शब्दांत कळवायचं ते ठरवतं. गावात काही घडलं की पोलीस पाटील आधी जातात आणि तालुक्याला काय कळवायचं ते त्यांनी ठरवायचं, तसलाच प्रकार. त्यामुळे वर दिसणारी चूक आणि मूळ चूक एका जागी असतीलच असं नाही. प्रोसेसरनं बोंब मारली म्हणून प्रोसेसर बदलावा, तर दोष मेमरीत निघतो. मेमरी बदलावी, तर दोष खाचेत. हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. पाणी आयर्विन पुलाखाली चढतं, पण पाऊस पडलेला असतो साताऱ्यात, कोयनेच्या डोक्यावर. इथला माणूस पावसाळ्यात आपल्या दारातलं पाणी नंतर बघतो, कोयनेचा विसर्ग आधी विचारतो. मग कोयनेनं सोडलं की अलमट्टीनं अडवलं यावर पुढचं वर्षभर वाद चालतो. हार्डवेअर की सॉफ्टवेअर, दुसरं काय.

आयर्विन पुलाचा आणखी एक उपयोग झाला. बीएमसीत प्रत्येक मोजमापाला तीन वरच्या रेषा असतात: पहिली सावध व्हायची, दुसरी धोक्याची, तिसरी ओलांडली की आता वाचायची आशा सोडायची. साताऱ्यात हे सांगायला मला अर्धा तास लागतो. इथं कारकूनच म्हणाला, "म्हंजे चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका." आणि तिसरी? सगळे एकदम म्हणाले, "सत्तावन्न." 2019 साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं.

फर्मवेअर जुनं होतं. नवं चढवावं का, असा विषय निघाला तेव्हा मी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या सांगायला नको होत्या. पहिली ही की चढवताना मध्येच लाईट गेली तर अख्ख्या पाटाची वीट होते. इंग्रजीत खरंच वीट म्हणतात. पांडुरंगाच्या पायाखालच्या विटेवर निदान डोकं तरी टेकता येतं. दुसरी गोष्ट 2019 ची. एचपीई कंपनीनं जाहीर केलं की आमच्या काही एसएसडी डिस्का बरोबर 32,768 तास चालल्या की मरतात, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तास. फर्मवेअर बदलून घ्या. सोळा बिटांच्या खात्यात उणे-अधिक धरून मोजायचं तर 32,767 च्या पुढे जागा नसते. मेल्यावर डिस्कही गेली आणि तिच्यावरची माहितीही गेली. शिवाय एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का एकाच दिवशी जाणार, मग एकीवर दुसरीची नक्कल ठेवून उपयोग काय?

खोलीत शांतता पसरली. मामा म्हणाले, "सटवाईनं ल्हिलेलं."

यापेक्षा फर्मवेअरची चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी कारखान्यातच कपाळावर लिहून येतं, आपल्याला वाचता येत नाही आणि घडायचं ते नेमक्या तासाला घडतं. फरक एवढाच की सटवाई नंतर दुरुस्ती काढत नाही.

फर्मवेअर मार्चअखेरीनंतर, असं ठरलं. मी ए 2 मधली पट्टी काढली, सोनेरी दातांवर सवयीनं खोडरबर फिरवायला लागलो, तर कारकुनानं माझा हात धरला. "सायेब, मेमरी हाय ती. ठेवी पुसल्या तर?" त्याची समजूत काढण्यापेक्षा नवी पट्टी घालणं सोपं होतं. घातली. सर्व्हर उठला, पाच मिनिटं मेमरी मोजत बसला आणि आत आला.

काम संपलं असं मला वाटलं. पण बिल कुणी भरायचं? वॉरंटीत बसतं का, माझ्या वार्षिक करारात बसतं का, की पुण्याच्या कंपनीकडून वसूल करायचं? आण्णा म्हणाले, पहिली चूक कधी झाली ती तारीख काढा, म्हणजे तेव्हा जबाबदारी कुणाची होती ते ठरेल. बोलणं रास्त होतं. मी वहीचं पहिलं पान उघडलं.

1 जानेवारी 1970.

शेवटच्या चुकीवरही तीच तारीख. मामा रोज संध्याकाळी वीजबिल वाचवायला सगळ्या इमारतीचा मेन बंद करत, त्यात बीएमसीही झोपायचा. पाटावरची घड्याळाची बॅटरी मेलेली, त्यामुळे सकाळी उठला की त्याच्या लेखी दर वेळी 1970 साल सुरू व्हायचं. यंत्रांचं युगच त्या तारखेपासून मोजतात. इतकी इमानदार वही, आणि सगळ्या नोंदी एकाच दिवसाच्या.

"1970 ला तर संस्थाच नव्हती," कारकून म्हणाला.

आण्णांनी तात्यांकडे बघितलं. तात्या मागच्या पॅनेलचे. "म्हंजे," आण्णा सावकाश म्हणाले, "मागल्या पॅनेलच्या काळातलं हाय हे." तात्या उठून उभे राहिले. त्यापुढचं मी लिहीत नाही.

बॅटरी नवी घातली, सीआर 2032, नाण्याएवढी. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे पन्नास रुपयांना मिळाली, ती माझ्या खिशातून आणली. हे पन्नास रुपये हार्डवेअरच्या खर्ची टाकायचे की सॉफ्टवेअरच्या, हा विषय पुढच्या मासिक सभेपुढे आहे.